पट्ट्याचं कुलूप

गिटार पडली ती उभादांड्याला, रोसाच्या रात्री,
तिसऱ्या गाण्यात, माझ्या सोलोला दोन मात्रा उरलेल्या असताना.
पट्ट्याचं भोक केव्हाच सैल झालं होतं,
चामडं जड कुड्यांनी ओढलेल्या पाळीसारखं लोंबलेलं.
मला माहीत होतं.
पडायच्या आधी नेहमीच माहीत असतं.

स्पीकरमधून जो आवाज निघाला त्यावर नवऱ्याची मावशी म्हणाली,
फटाके आत्ताच कशाला?
खालच्या कोपऱ्याचा टवका उडाला.
आतलं लाकूड फिकट, गऱ्यासारखं,
नाही, गऱ्यासारखं नाही, आठळीसारखं.

ड्रमवाला बावतीस म्हणाला, गोटीसोड्याच्या बाटलीतलं रबर काढ,
बटणावर चढव, झालं.
चढवलं. दोन महिने चाललं.
मग उन्हानं रबर चिरलं
आणि मी पुन्हा डावा हात मानेखाली राखून वाजवू लागले,
म्हणजे अर्धंच वाजवू लागले.

दिवसा मी काजू निवडायला बसते.
दोनशे चाळीस, तीनशे वीस, पाकळी, तुकडा.
बोटांना न बघता कळतं कुठला दाणा कुठल्या डब्यात.
पण कोल्हापूरहून मागवलेल्या दोन पुड्या टेबलावर ठेवल्या
तेव्हा या बोटांना काही सांगता येईना.
एक काळं, झळझळीत: टोकाची गुंडी दाबली की सुटतं.
एक पांढुरकं, दिसायला अगदी साधं,
बटणाला खालून कवेत घेणारं,
पिन निसटली तरी गिटार त्या खोबणीत बसून राहणार.

बंदरावर इनास मिस्त्री ट्रॉलरचं इंजिन उघडून बसला होता.
त्यानं खिशातून लोहचुंबक काढला.
काळं टपकन चिकटलं. पांढुरकं ढिम्म.
"ह्या काळ्याक पावसाळो बघूक मिळाचो नाय," म्हणाला.
निवड झाली.

जुना स्क्रू नुसत्या नखानं बाहेर आला,
दुधाच्या दातासारखा.
भोकात काड्यापेटीच्या तीन काड्या, गूल मोडून,
सुतारी गोंदात बुडवून, ठोकून, रात्रभर तसंच.
सकाळी बारीक भोक पाडलं, स्क्रूला साबण चोळला,
बटणाखाली नमद्याची चकती.
मी ड्रिल मशीनकडे हात नेला तर तो ओरडला,
"हातान पीळ! लाकडाक राग येता."
पिळलं. शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात
लाकूड घट्ट झाल्याचं मनगटाला कळलं.

पट्ट्याच्या बाजूचा नट मात्र त्यानं बराच वेळ न्याहाळला.
खरो चोर ह्यो, म्हणाला.
कोणी सोडत नाही याला, थरथरीनं आपणच सुटतो.
होडीच्या शॅकलची पिनसुद्धा म्हणून तारेनं बांधतात.
"तुझ्याकडे नखांचो रंग आसा?"
होता. त्याच लग्नासाठी घेतलेला, डाळिंबी.
नटाच्या आट्यांवर एक थेंब. वाळू दिला.
बाटली काही त्यानं परत दिली नाही.

शिरोड्याला ऐन रंगात वीज गेली.
सगळे थांबलो. मांडवभर काळोख.
मी दोन्ही हात सोडले, केसांचा चाप नीट केला,
गिटार खांद्यावर नुसती लटकत राहिली.
आणि त्या शांततेत ऐकू आलं:
कुर्र. कुर्र.
श्वास घेतला की एकदा, सोडला की एकदा.
दोरखंडाला बांधलेली होडी
भरतीच्या वेळी बोलते तसं.

दुसऱ्या दिवशी खोबरेल घेऊन बंदरावर गेले.
इनासनं मानही वर केली नाही.
"तेल नको. कुरकुरता तवसर धरून आसा."
मी बाटली पिशवीत ठेवली.
जाता जाता त्याच्या इंजिनात सहज डोकावले.
पंपावर चार नट होते, नुकतेच आवळलेले.
चारही डाळिंबी.